बाईसाहेबांचं पोट

घोड्याला ओकता येत नाही. एकदा गिळलं की ते पुढेच जायचं, तोंडावाटे परत नाही. कॉलेजात हे वाक्य मी परीक्षेपुरतं पाठ केलं, पेपरात उतरवलं आणि विसरून गेले. ते पुन्हा आठवलं माझ्या पहिल्या नोकरीत, घोडेस्वारीच्या एका शाळेत, एका तपकिरी घोडीपुढे उभी असताना.

शाळा गावाबाहेर होती. पत्र्याच्या छपराची लांबच लांब पागा, मधे वाळूचं रिंगण, पलीकडे गवताचं मैदान आणि एका कोपऱ्यात ऑफिस. ऑफिसातल्या काचेच्या कपाटात इतके कप होते, की पुसणाऱ्याच्या नाकी नऊ यायचे. मी तिथली जनावरांची डॉक्टर. डिग्रीची शाई अजून ओली होती. राहायला वैरणीच्या कोठाराच्या वरची खोली दिली होती. खाली वाळलेल्या गवताच्या पेंढ्या रचलेल्या असायच्या आणि त्यांचा गोडसर वास फळ्यांमधून वर यायचा. माझ्या उशीला, टॉवेलला, पुस्तकांनाही तोच वास लागला होता. आता इतक्या वर्षांनी कुठे ताजं गवत कापत असतील तर मी दोन मिनिटं तिथे उगाच रेंगाळते. बरोबरच्या माणसांना वाटतं, म्हातारीला धाप लागली.

कोठाराला लागूनच मास्तरांचं घर. मास्तर म्हणजे शाळेचे शिक्षक. पन्नाशी ओलांडलेला, काटक, थोडा फेंगडा चालणारा माणूस. बोलायचे कमी, पण बोलले की समोरचा ऐकायचा, मग तो दोन पायांचा असो की चार. त्यांच्या बायकोला मी पहिल्या दिवसापासून वहिनी म्हणायला लागले. माझ्या खोलीत स्टोव्ह होता, पण वहिनींनी तो मला पेटवू दिला नाही. "खाली एवढं गवत आहे. तुम्ही चहा करायला जाल आणि आम्ही सगळे भाजून निघू," असं म्हणून त्यांनी माझं जेवणखाण आपल्याकडेच घेतलं.

आणि बाईसाहेब. कपाटातले निम्मे कप त्यांचे. उंच, तपकिरी, कपाळावर पांढरा ठिपका. अडथळ्यांवरून उडी मारायची तर अशी, की बघणाऱ्याने आपले पाय उचलावेत. बाकीच्या घोड्यांना नावं होती. हिचं खरं नाव कुणी घ्यायचं नाही. पागेत कुणी शिरलं की ती मान वळवून वरपासून खालपर्यंत बघायची, जसं काही आपण सगळे तिचे भाडेकरू. स्पर्धेत तिच्यावर मास्तर स्वतःच बसायचे. दुसऱ्या कुणाला ती बसूच द्यायची नाही म्हणा, किंवा मास्तर देत नव्हते म्हणा.

मी गेले तेव्हा बाईसाहेबांची तब्येत बिघडलेली होती. दाण्याची बादली समोर ठेवली की चार घास खायच्या आणि तोंड फिरवायच्या. अंगावरची चमक गेलेली. उभ्या उभ्या दात करकरा खायच्या, जांभया द्यायच्या. आणि खोगिराचा तंग, म्हणजे पोटाखालचा पट्टा, आवळायला घेतला की मागे वळून चक्क चावायला धावायच्या. एकदा मालकांच्या कोटाची बाही त्यांच्या दातांत आली. मालक रविवारी यायचे, चकचकीत बूट घालून, आणि कपाटासमोर जरा वेळ उभे राहून मग पागेत यायचे.

"माजलीय," मालक बाही झटकत म्हणाले. "मास्तर, तुम्ही डोक्यावर चढवून ठेवलंय हिला."

"माजलेली घोडी दाणा सोडत नाही," मास्तर म्हणाले.

मी तिच्या बरगड्यांखाली हात लावून पाहिला. तिने कान मागे पाडले, पण चावली नाही. नुसती थरथरली. मला कॉलेजातलं ते वाक्य आठवलं: पोटात काही बिघडलं तरी हिला ओकून सांगता येणार नाही.

"मला वाटतं पोटात जखमा असाव्यात," मी म्हटलं. "अल्सर."

मालक हसले. "घोड्याला अल्सर? ते आमच्यासारख्यांना होतात हो. हिला कसली काळजी?"

मग मी त्यांना सांगितलं. माणसाच्या पोटात आम्ल सुटतं ते बरंचसं जेवणाच्या वेळी. घोड्याच्या पोटात मात्र ते अखंड झिरपत असतं, खाणं असो नसो. मोकळ्या रानातला घोडा दिवसभर चरतो, चावतो, लाळ गिळतो. त्या लाळेने आम्ल मरतं. आम्ही त्यांना दोन वेळा बादलीभर दाणा देतो आणि मधला वेळ रिकाम्या पोटी उभं करतो. वर पळवतो. पळताना पोटातलं आम्ल हिंदकळून वरच्या भागावर उडतं, आणि त्या भागाला आम्ल सोसायची सवय नसते.

मालकांनी घड्याळाकडे पाहिलं. मास्तर मात्र बादलीच्या कडेवर बसून ऐकत होते. "मग आत बघता येतं का?" त्यांनी विचारलं.

बघता येत होतं, पण नळी हवी होती. माणसांच्या पोटात घालतात ती घोड्याच्या गळ्यातच संपते. लांब नळी होती माझ्या कॉलेजात, आणि ती हाताळणारे माझे सर होते. मी त्यांना फोन केला. सरांना अशा गोष्टींचा नाद होता. कुणाच्या पोटात डोकवायचं म्हटलं की ते लग्नघरातूनही उठून आले असते.

तपासणीच्या आदल्या संध्याकाळपासून बाईसाहेबांना उपाशी ठेवायचं होतं, म्हणजे पोट रिकामं मिळेल. त्यांनी रागाने बादली लाथेने उडवली. त्या संध्याकाळी वहिनींनी ताटं वाढली, तर मास्तर पाणी पिऊन उठले.

"हे काय?" वहिनी म्हणाल्या.

"मघाशी तिच्यासमोरून आलो. कसं बघत होती. नाही जाणार घास."

"मी अख्खा दिवस जेवले नाही तरी तुमच्या कधी लक्षात आलंय?"

"तू कधी बादली उडवलीस?" मास्तर म्हणाले, आणि वहिनींना हसू आवरेना.

दुसऱ्या दिवशी सर आले. गाडीच्या मागच्या सीटवर नळी लहान मुलासारखी गुंडाळून आणली होती. बाईसाहेबांना गुंगीचं इंजेक्शन दिलं. मान खाली गेली, खालचा ओठ लोंबायला लागला. नाकपुडीतून नळी हळूहळू आत गेली आणि सरांनी दुसऱ्या टोकाच्या भिंगाला डोळा लावला. बराच वेळ ते नुसते 'अरे वा, अरे वा' करत राहिले. मग मी पाहिलं.

आत एक उजळलेलं दालन होतं. वरचा भाग फिकट पांढरा, खालचा ओला गुलाबी, आणि दोघांच्या मधे वळीसारखी एक हद्द. त्या हद्दीवर पिवळट बुडाच्या आणि लाल काठांच्या जखमा होत्या, एकीला लागून दुसरी. आणि अगदी खाली, पोटातून बाहेर पडायच्या वाटेपाशी, चिडलेल्या डोळ्यांसारखे लालभडक डाग.

मास्तरांनीही भिंगाला डोळा लावला. किती तरी वेळ त्यांनी तो काढलाच नाही.

"आणि मी वरून तंग आवळत होतो," ते सरळ होत म्हणाले.

त्या काळात घोड्यांसाठी आम्ल थांबवणारं एक नवं औषध आलं होतं. मलमासारखं घट्ट, मोठ्या सिरिंजमधून जिभेवर द्यायचं, सकाळी, दाण्याच्या आधी. आम्ल सुटणंच कमी झालं की जखमेला भरून यायला उसंत मिळते. औषध जखम भरत नाही, जखम भरतं ते शरीर. औषध फक्त आग बाजूला धरतं. हे सर मास्तरांना समजावत होते, आणि मास्तर मान हलवत होते. एरवी घोड्याबद्दल कुणी काही सांगितलेलं त्यांना आवडायचं नाही.

पहिल्या सकाळी बाईसाहेबांनी ते औषध माझ्या तोंडावर थुंकलं. दुसऱ्या सकाळी मास्तरांच्या. तिसऱ्या सकाळी वहिनी सफरचंद शिजवून, कुस्करून, वाटीत घेऊन आल्या आणि सिरिंजच्या टोकाला ते लावलं. बाईसाहेबांनी वास घेतला, विचार केला आणि तोंड उघडलं.

"बघा," वहिनी म्हणाल्या, "कॉलेजात हे शिकवत नाहीत वाटतं?"

त्या सकाळी मला सगळ्यात जास्त आठवतात. पागेत अजून अर्धवट उजेड. कुणी तरी फुरफुरतंय, कुणी तरी टाप आपटतंय. आम्ही तिघं चहाचे मग घेऊन बाईसाहेबांच्या दारात. औषध झालं की त्यांचा वरचा ओठ सफरचंदाच्या वाटीमागे फिरायचा, आणि वहिनी वाटी पाठीमागे लपवून तिच्याशी बोलायच्या, जशा शेजारणीशी बोलतात. मालक चिडले, पण मी वैरणीची पद्धतही बदलली. दिवसभर समोर गवताची जाळी, आणि रिंगणात नेण्याआधी मूठ-दोन मुठी गवत, म्हणजे आम्ल हिंदकळलं तरी गवताच्या थरात अडकेल.

महिनाभरात बाईसाहेबांच्या अंगावर पुन्हा चमक आली. बादली चाटूनपुसून रिकामी व्हायला लागली. पण मधेच एखादी सकाळ वाईट यायची. कान मागे, दात करकर, आणि तंग दिसला की तीच धावाधाव. सर पुन्हा नळी घेऊन आले.

वरचा भाग छान भरला होता. जिथे पिवळ्या जखमा होत्या तिथे आता नवी, कोवळी त्वचा दिसत होती. खालचे लाल डाग मात्र जसेच्या तसे.

"वरच्या मजल्याची डागडुजी झाली," सर म्हणाले, "खाली गळती चालूच आहे. खालचे डाग भरायला वेळ लागतो, मान्य. पण इतके हट्टी? मास्तर, हिला अजून काही देता का? औषध, पावडर, काहीही?"

"काही नाही," मास्तर म्हणाले. मग थांबले. "म्हणजे, पायाची पावडर सोडून."

मागच्या वर्षी बाईसाहेबांचा पुढचा पाय दुखावला होता. माझ्या आधीच्या डॉक्टरांनी वेदना कमी करणारी पावडर दाण्यातून द्यायला सांगितली. पाय बरा वाटला, उड्या सुरू झाल्या, आणि पावडर चालूच राहिली. पागेत ती मिठासारखी होऊन गेली होती. जेवणात मीठ घालता का, असं कोण कुणाला विचारतं? आणि घालतो म्हणून कोण सांगायला येतं?

सरांनी मला बाजूला घेतलं, पण मला ते आधीच उमगलं होतं. ती पावडर पायाची वेदना दाबते आणि त्याच वेळी पोटाच्या आतलं संरक्षण काढून घेते. पोटाच्या आतून एक बुळबुळीत थर असतो, तो स्वतःच्याच आम्लापासून पोटाला वाचवतो. तोच पातळ झाला तर आम्ल थोडं असलं तरी पुरतं. आम्ही सकाळी सिरिंजने आग विझवत होतो आणि संध्याकाळी बादलीतून पुन्हा लावत होतो.

पावडर बंद झाली. आणि आठवड्याच्या आत बाईसाहेब उडी मारून उतरल्या की लंगडायला लागल्या. चालताना काही नाही, दुडकीतही फारसं नाही. उडी मारली की मात्र पाय उचलून धरायच्या.

पुढच्या महिन्यात मोठी स्पर्धा होती. मालक त्या रविवारी कपाटाकडे न जाता थेट माझ्याकडेच आले.

"स्पर्धेपर्यंत पावडर द्या," ते म्हणाले. "पोटाचं औषध चालूच आहे ना तुमचं? दोन्ही द्या. हे दुखणं दाबेल, ते पोट सांभाळेल. नंतर हवा तेवढा आराम द्या तिला."

प्रश्न काही वेडगळ नव्हता. मी म्हटलं, "थोडं सांभाळेल. पण आधीच उघडी जखम आहे. ती भरणार नाही, खोल जाईल. रक्त जायला लागलं तर आपल्याला कळणारही नाही. आणि पाय दुखतो तो सांगतोय की उडी नको. ते ऐकायचं सोडून आपण त्याचं तोंडच बंद करायचं का?"

मालकांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर खोगिराला तेल लावत होते. त्यांनी मान वर केली नाही.

त्या संध्याकाळी ते माझ्या जिन्याच्या पायरीवर येऊन बसले. "डॉक्टर," ते म्हणाले, "खरंच एवढं वाईट आहे का? तेवढ्या एका स्पर्धेपुरतं?"

मला त्यांच्याकडून हे अपेक्षित नव्हतं. मी काही बोलणार तोच ते म्हणाले, "माझी शेवटची स्पर्धा असेल ही. पुढच्या वर्षी हे गुडघे मला बसू देणार नाहीत. तिच्यावर बसून एकदा नीट निरोप घ्यावा, असं होतं मनात." मग स्वतःच उठले. "जाऊ द्या. मी उगाच विचारलं. तुम्ही हो म्हणाला असतात तर मला तुमचा राग आला असता."

त्याच आठवड्यातली गोष्ट. सकाळी मास्तर रिंगणात अडथळ्यांचे दांडे लावत होते. मी पागेच्या दारातून बघत होते. एक दांडा उचलता उचलता ते थांबले, हळूच वाळूत बसले, आणि कुणी दोरी कापावी तसे आडवे झाले. मी धावले. चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम. त्यांनी कूस वळवली आणि ओकले. वाळूवर पडलं ते काळं होतं, दाणेदार, कॉफीच्या चोथ्यासारखं.

जनावरांची का होईना, डॉक्टर होते मी. ते काय आहे हे ओळखायला मला कुणाला विचारावं लागलं नाही. पोटात रक्त गेलं आणि आम्लाने काळं पडलं की ते असं दिसतं.

जीपमधे बादल्या, दोर, गवताच्या जाळ्या भरलेल्या होत्या. तशीच ती काढली. मागे वहिनी मास्तरांचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या आणि सबंध रस्ताभर त्यांना रागावत राहिल्या. सकाळी खाल्लं का नाहीत, स्वेटर का नाही घातलात, दांडे लावायला दुसरी माणसं नाहीत का. त्यांचा आवाज एकसारखा चालू होता, आणि आरशात मला दिसत होतं की त्यांचा हात मास्तरांच्या केसांवरून तितकाच एकसारखा फिरतोय.

दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता. रक्त चढवायची तयारी चालली असताना त्याने विचारलं, "दुखण्याच्या गोळ्या घेतात का हे?"

"छे!" वहिनी म्हणाल्या. "साधी खोकल्याची गोळी घ्यायची तर मागे लागावं लागतं."

मास्तरांनी डोळे उघडले. वहिनींकडे नाही, माझ्याकडे पाहिलं.

"खोगिराच्या खोलीत," ते पुटपुटले. "मेणाच्या डब्यात."

गुडघ्यांसाठी. कित्येक वर्षं. सकाळी एक, बसायचं असलं की दोन, स्पर्धा असली की विचारूच नका. पोट जळायला लागलं की खडूसारख्या गोळ्या चघळायच्या आणि पुन्हा खोगीर कसायचं. घरात सुगावा लागायला नको म्हणून सगळं तिकडे.

 वहिनी बोलल्या त्या इतक्या हळू, की रागावल्या आहेत की काय तेच कळेना.

"घोडीच्या पोटात काय आहे ते बघायला एवढी लांब नळी आणलीत. दोन-दोन डॉक्टर उभे केलेत. ती काय खाते, किती खाते, कशी बघते, सगळं तुम्हाला माहीत. आणि तुमच्या पोटात काय चाललंय ते मला एका डब्यावरून कळायचं?"

आणि रडल्या. मी बाहेर जाऊन जीपमधल्या बादल्या उगाच नीट लावत बसले.

मास्तरांच्याही पोटात नळी घातली. बाहेर आल्यावर पहिलं वाक्य काय, तर "बाईसाहेबांची नळी लांब होती." तरुण डॉक्टरने आम्हाला बसवून समजावलं. अल्सर आहे, रक्त थांबलंय, आम्ल कमी करणारं औषध देऊ, त्याने भरून येईल. पण दुखण्याच्या त्या गोळ्या आजपासून बंद. त्या चालू राहिल्या तर औषध किती पुरं पडणार?

मास्तर हसले, आणि हसताना त्यांना दुखलं. "डॉक्टरसाहेब, यांनी हे सगळं थोड्याच दिवसांपूर्वी घोडीला सांगितलंय. माझ्यासमोर."

दोन दिवसांनी मालक भेटायला आले. हातात संत्र्यांची पिशवी होती. ती कुठे ठेवावी हे कळेना म्हणून ते ती धरूनच बसले. मी आणि वहिनी तिथेच होतो.

"स्पर्धेत मी नाही उतरणार," मास्तर म्हणाले. "आणि तीही नाही."

"तुमचं ठीक आहे, मास्तर. तुमच्यासाठी कुणी तरी बघू. पण उडी न मारणाऱ्या घोडीचं मी करू काय?"

"माझं काय करणार आहात?"

 मालकांनी पिशवीतलं एक संत्रं काढलं, त्याकडे पाहिलं, परत ठेवलं. तो माणूस वाईट नव्हता. वीस वर्षं त्याने मास्तरांना घोड्यावर पाहिलं होतं, आणि पलंगावर असं कधीच नाही.

"लहान मुलांचा वर्ग मोठा होत चाललाय," मास्तरच पुढे म्हणाले. "त्यांना उडी मारणारा घोडा लागत नाही, उभा राहणारा लागतो. आणि शिकवणारा जमिनीवर उभा असला तरी चालतो."

"ती मुलांना चावेल."

"पोट दुखत असताना चावायची. आता विचारून बघू तिला."

मालक 'बघू' म्हणून उठले. संत्री वहिनींच्या हातात दिली. दारात थबकले. "मास्तर, मला सांगायचं तरी," एवढंच म्हणाले आणि गेले. स्पर्धेला त्यांनी दुसऱ्या घोड्यावर दुसरा स्वार पाठवला. तिसरा नंबर आला. त्या कपालाही कपाटात जागा मिळाली.

मास्तर घरी आले तेव्हा सकाळचं सगळं राज्य वहिनींच्या ताब्यात गेलेलं होतं. आधी मास्तरांची कॅप्सूल, त्यांच्या तोंडात गेली की नाही हे जीभ वर करायला लावून बघायच्या. मग बाईसाहेबांचं मलम. मग सफरचंद, दोघांत वाटून. मास्तर म्हणायचे, "तिला माझ्यापेक्षा जास्त दिलंस." वहिनी म्हणायच्या, "ती लपवून काही खात नाही."

खोगिराच्या खोलीतला मेणाचा डबा वहिनींनी स्वतः रिकामा केला आणि घासून त्यात बटणं ठेवली.

सोपं नव्हतं ते. गोळ्यांवाचून मास्तरांचे गुडघे रात्रंदिवस ठणकायचे. शेक, मालीश, काठी, सगळं झालं. काठी हातात घ्यायला ते तयार नव्हते, तेव्हा मी म्हटलं, घोड्याला वळवायला हातात छडी लागते ना, ती समजा. बाईसाहेबांनाही मऊ जमिनीवर रोज थोडं चालवायचं होतं. मग ते दोघं संध्याकाळी मैदानाच्या कडेने निघायचे. पुढे काठी टेकत मास्तर, त्यांच्या खांद्याशी नाक लावून बाईसाहेब, दोघंही एका पायावर जरा कमी भार देत. पागेतली माणसं म्हणायची, "निघाले पेन्शनर." मास्तरांना ऐकू जायचं. ते वळून न बघता काठी वर करून दाखवायचे.

सर तिसऱ्यांदा आले, तेव्हा न बोलावता आले. भिंगाला डोळा लावून गप्प झाले. मी घाबरले. मग त्यांनी मला जागा दिली. खालच्या गुलाबी भिंतीवर ते लाल डोळे नव्हते. एके ठिकाणी फिकट, चांदणीसारखी खूण होती, बाकी सगळं ओलं, शांत, गुलाबी.

मास्तरांची तपासणी आदल्याच दिवशी झाली होती. त्यांनी विचारलं, "हिला पण डाग राहिला का?"

"राहतो," सर म्हणाले. "खोल गेलेलं भरून आलं की तेवढी खूण राहते. त्याचा त्रास काही नाही."

"माझ्या डॉक्टरने फोटो दिलाय," मास्तर म्हणाले, आणि खिशातून काढून सरांना दाखवला. पागेच्या दारात उभे राहून ते दोघं तो फोटो उजेडाकडे धरून बघत राहिले, जसे नातवाचा बघतात.

बाईसाहेब मुलांना चावल्या नाहीत. एखादं पोर घसरत घसरत मानेशी आलं तर त्या जागच्या हलायच्या नाहीत. कंटाळलेल्या बाईसारख्या दूरवर बघत राहायच्या. मास्तर मधोमध स्टुलावर बसून शिकवायचे. मुलांना वाटायचं ते जन्मापासून स्टुलावरच आहेत.

मी तिथे आणखी काही वर्षं राहिले, मग दुसरीकडे मोठी नोकरी मिळाली. पुढे शाळा बंद झाली, मैदानावर घरं आली, आणि मास्तर आणि बाईसाहेब दोघंही आपापल्या वयाने गेले, पोटाने नव्हे. नंतर मी कितीतरी घोड्यांची पोटं पाहिली. पडद्यावर, झगझगीत रंगांत. औषधंही बरीच पुढे गेली. पण कुणी मालक माझ्याकडे येऊन "आम्ल मारणारं काही तरी द्या" म्हणाला, की मी आधी त्याच्याबरोबर पागेत जाते आणि विचारते: अजून काय काय देता याला? आणि मग, त्याला विचित्र वाटलं तरी, "आणि तुम्ही स्वतः काय घेता?"

त्या शाळेतून निघायच्या दिवशी माझी बॅग कुंपणाशी ठेवलेली होती. निरोपाचा चहा झाला होता. मास्तर बाईसाहेबांना फिरायला काढत होते, तेवढ्यात वहिनी हात पुसत आल्या आणि म्हणाल्या, "अहो, मला बसवा."

"कशावर?"

"कशावर म्हणजे काय? हिच्यावर."

मास्तर वहिनींकडे बघतच राहिले. मग त्यांनी लगाम माझ्या हातात दिला, आत गेले आणि मुलांची चढायची लाकडी पायरी घेऊन आले. वहिनी दोनदा चढल्या आणि दोनदा उतरल्या. तिसऱ्यांदा बसल्या, डोळे गच्च मिटून, दोन्ही हातांनी आयाळ धरून.

"हलतेय हो ही!"

"घोडी आहे, खुर्ची नाही. श्वास घेते."

"पडले तर?"

"मी आहे ना," मास्तर म्हणाले. त्यांनी काठी कुंपणाला टेकवून ठेवली आणि लगाम हातात घेतला.

ते निघाले. मैदानाच्या पहिल्या कोपऱ्यापर्यंत वहिनींच्या किंकाळ्या ऐकू येत होत्या. दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत त्या बोलायला लागल्या होत्या. पलीकडच्या बाजूला गवत उंच होतं. तिथे मला फक्त वहिनींचा ताठ बसलेला वरचा भाग आणि बाईसाहेबांचे कान दिसत होते. चक्कर पूर्ण करून ते माझ्यापाशी आले, तेव्हा मास्तरांनी लगाम आवरायला घेतला.

"थांबू नका," वहिनी म्हणाल्या. डोळे उघडे होते. "अजून एक."

रस्त्यावर माझी बस येऊन थांबली, थोडा वेळ घरघरली आणि गेली. दुसरी तासाभराने होती. मी बॅगेवर बसले आणि त्यांना बघत राहिले.